उजनीचे पाणी : कोणाच्या वाट्याला किती

(कुर्डुवाडी येथे शाखा-कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शिबिराच्या विषयपत्रिकेत पेन्शन आहे, खासगीकरण आहे, रिक्त जागा आहेत. त्यांच्यामध्येच 'उजनी धरण' हा विषय बघून काही साथींनी मला बाहेर चहाच्या टपरीवर विचारले, "सेक्रेटरीसाहेब, हे पाटबंधाऱ्याचे काय मध्येच काढले? तो शेतकऱ्यांचा प्रश्न. युनियनने त्यात कशाला पडायचे?" शंका चुकीची नाही. आपल्या मागण्यांचीच फाइल एवढी जाड आहे की दुसऱ्याची वाचायला सवड होत नाही. पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी आजही पाच-दहा एकर जमीन आहे. कुणाची कालव्याखाली आहे, कुणाची कालव्याच्या वर आहे, म्हणजे कोरडी आहे, आणि कुणाची पाण्याखाली गेली आहे. नोकरी रेल्वेची असली तरी घरची चूल भीमेच्या पाण्यावरच पेटते किंवा विझते. म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला.

आपले मासिक हुबळीला जाते, सिकंदराबादला जाते, इंदूर, भोपाळ, खरगपूरच्या मराठी साथींकडेही जाते. त्यांच्यासाठी आधी थोडी भौगोलिक माहिती देतो.

भीमा भीमाशंकरला उगम पावते, पुणे जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात येते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते, पुढे कर्नाटकात जाते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. या नदीवर माढा तालुक्यात टेंभुर्णीजवळ उजनी हे धरण आहे. १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९८० साली काम पुरे झाले. धरणाची लांबी अडीच किलोमीटर, दरवाजे एकेचाळीस. जलाशयाला यशवंतसागर नाव दिले आहे. डावा कालवा सुमारे १२६ किलोमीटर आणि उजवा सुमारे ११२ किलोमीटर. याखेरीज बोगद्यातून भीमेचे पाणी सीना नदीत सोडले जाते, त्याला भीमा-सीना जोड कालवा म्हणतात. सीना ही आमच्याकडची कोरडी नदी. पाऊस पडला तर नदी, नाहीतर वाळूचा रस्ता. तिच्या बंधाऱ्यांत आज उन्हाळ्यात पाणी दिसते ते भीमेचे. शिवाय सीना-माढा, दहिगाव, बार्शी, एकरूख अशा उपसा योजना. म्हणजे नदी अडवली, आणि जिथे ती कधी गेली नसती तिथे पंपाने, बोगद्याने, पाटाने नेली. निसर्गाने जो रूट दिला होता तो माणसाने बदलला. आपल्या भाषेत, डायव्हर्शन झाले.

आता हे पाणी किती? पेपरात रोज टीएमसी, टीएमसी वाचतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ऐकून डोक्यात काही उतरत नाही. मलाही उतरत नव्हते. म्हणून मी ते आपल्या मापात, रेकच्या मापात, मोजायचे ठरवले.

तुम्हाला २०१६ आठवत असेल. लातूर शहराला प्यायला पाणी नव्हते. नळाला महिना-महिना पाणी येत नव्हते, टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. तेव्हा रेल्वेने पाणी पोचवले. मिरजेला कृष्णेचे पाणी भरून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. दहा टाकी वॅगन, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. वॅगन राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणल्या होत्या, कारण त्या तेलाच्या होत्या. नंतर पन्नास वॅगनची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पावसाळा लागेपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे ती गाडी चालली. एकंदर सुमारे २६ कोटी लिटर पाणी आपल्या माणसांनी लातूरला नेले. मिरज ते लातूर ३४२ किलोमीटर. ती गाडी पंढरपूरजवळ भीमेच्या पुलावरून याच कुर्डुवाडीत येत होती. ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन, सी अँड डब्ल्यूचे लोक, सगळ्यांनी ते काम ड्यूटी म्हणून नव्हे, घरचे कार्य म्हणून केले. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक धरण, आणि त्याला वळसा घालून कृष्णेचे पाणी मराठवाड्यात चालले होते. कारण त्या उन्हाळ्यात उजनीही खपाटीला गेली होती.

आता हिशेब करा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पंचवीस लाख लिटरची एक गाडी धरली तर एक टीएमसी न्यायला अकरा हजार तीनशेच्या वर गाड्या लागतील. रोज एक गाडी सोडली तर एकतीस वर्षे. माझ्यासारखा माणूस भरती झाल्यापासून रिटायर होईपर्यंत रोज पाण्याची गाडी पास करत बसेल, तेव्हा कुठे एक टीएमसी होईल. आणि उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी आहे.

हे कागदावर मांडल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. एवढे पाणी असून ओरड कसली?

त्यातली पहिली गोम अशी. या ११७ पैकी जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आहे. जिवंत, म्हणजे उपयुक्त साठा, साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास. मृतसाठा निम्म्याहून जास्त असलेले धरण विरळाच. धरण उथळ आणि पसरट, ऊन लागले की पाणी वाफ होऊन जाते ते वेगळेच. उपयुक्त साठा संपला की पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असा मथळा येतो. बाहेरगावच्या माणसाला वाटते, पाणी शून्याच्या खाली कसे जाईल? तर उणे म्हणजे मृतसाठ्याला हात लावला. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठ टक्क्यांपर्यंत गेला होता. उपयुक्त साठ्याचे साठ टक्के, म्हणजे साधारण ३२ टीएमसी, मृतसाठ्यातून काढून घेतले होते. आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून ॲडव्हान्स काढावा तसे. फरक एवढाच, की आपला ॲडव्हान्स आपल्या पगारातून कापला जातो. इथे पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या पाण्यातून कापला जातो, आणि पाऊस कमी झाला तर खड्डा भरण्यातच हंगाम जातो.

दुसरी गोम जास्त महत्त्वाची आहे. ती पिकाची. हे धरण आठमाही सिंचनासाठी आखलेले होते. खरीप आणि रब्बी. ज्वारी, गहू, हरभरा, करडई, भुईमूग. सोलापूर म्हणजे ज्वारीचे कोठार, मंगळवेढ्याची ज्वारी तर तुम्ही सगळे जाणता. या ज्वारीला दोन-तीन पाळ्या मिळाल्या की शेतकऱ्याचे वर्ष तरून जावे, जास्तीत जास्त गावांना पाणी पोचावे, अशी मूळची कल्पना. प्रत्यक्षात कालवे आले आणि त्यांच्या मागोमाग ऊस आला. आज सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक, त्याला एप्रिल-मेमध्येही पाणी लागते. आठमाही धरण बारमाही पिकाला जुंपले गेले.

पाटाने पाणी दिले तर एका हेक्टर उसाला ढोबळ मानाने दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे लातूरच्या आठ गाड्या. एका हेक्टरला! रब्बी ज्वारीच्या हेक्टरला दोन गाड्या पुष्कळ झाल्या. आणि चार महिने रेल्वेने रात्रीचा दिवस करून लातूरला जे २६ कोटी लिटर पाणी नेले, ज्याचे फोटो देशभरच्या पेपरात आले, ते तेरा हेक्टर उसाचे एका हंगामाचे पाणी होते. तेरा हेक्टर म्हणजे बत्तीस एकर. एखाद्या बऱ्या बागायतदाराचा मळा.

हा हिशेब सांगितला की सभेत लगेच शेतकऱ्याविरुद्ध बोलायला लोक उठतात. मी तसे बोलणार नाही आणि आपल्या व्यासपीठावरून कुणी बोलू नये असे माझे मत आहे. ऊस लावणारा तीन एकरवाला माणूस काही चैन म्हणून ऊस लावत नाही. उसाचा दर कायद्याने ठरतो, माल न्यायला कारखान्याची टोळी येते, गारपिटीने किंवा भाव पडल्याने तो एका रात्रीत मातीमोल होत नाही. पैसे उशिरा मिळतात, थकतात, त्यासाठी आंदोलने करावी लागतात, हे खरे. पण मिळतात. ज्वारीला हमीभाव कागदावर आहे. तो देणारा खरेदीदार दारात उभा नाही. तुम्हाला महागाईभत्त्याची नोकरी आणि रोजंदारी यांत निवड करायला सांगितली तर काय निवडाल? तोही तेच निवडतो. दोष निवड करणाऱ्याचा कमी आणि निवड एवढी तोकडी ठेवणाऱ्याचा जास्त. शिवाय या उसाच्या तळाशी बीड, धाराशिवकडून येणारा तोडणी मजूर आहे. तो दर दिवाळीनंतर बायका-पोरांसह पाचटाच्या खोपीत येऊन राहतो, आणि त्याच्या स्वतःच्या शेतात पाणी नाही म्हणूनच येतो. त्याला पाणी मिळाले असते तर तो कोयता घेऊन इथे आला नसता.

दुसरीकडे हेही खरे की थोड्या पाण्यावर पीक निघते. सांगोल्याचे डाळिंब बघा. ठिबकवर, माळरानावर. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला. ती भरणारे हमाल आणि चालवणारे कर्मचारी आपले. पुढे भाड्यातली सवलत बंद झाली आणि त्या गाड्यांचे काय झाले ते तुम्ही जाणता. म्हणजे शेतकऱ्याने कमी पाण्याचे पीक घ्यावे असे भाषणात सांगायचे, आणि तो माल कलकत्त्याला पोचवणारी गाडी मात्र परवडत नाही म्हणून थांबवायची. रेल्वे कामगार म्हणून यावर बोलायचा आपल्याला पुरा हक्क आहे. मालगाडीचे भाडे हा पाण्याचा प्रश्न असू शकतो, हे मला तरी तेव्हाच पहिल्यांदा नीट कळले.

आता कालव्याकडे येऊ. ज्यांच्या जमिनी कालव्यावर आहेत त्यांना आवर्तन काय असते ते माहीत आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा बघून कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री अध्यक्ष असतात, आमदार असतात, पाटबंधारे खात्याचे अधिकारी असतात. किती आवर्तने, कधी, कोणत्या पिकाला, हे तिथे ठरते. शेतकऱ्याने सात नंबरचा पाणी अर्ज भरायचा. मग कालवा सुटतो, वितरिका, चारी, पोटचारी असे करत पाणी उतरते. नियम असा की टेलपासून हेडकडे भिजवत यायचे. म्हणजे शेवटच्या शेताला आधी. प्रत्यक्षात काय होते? आपल्या रेल्वे कॉलनीतल्या नळाचे जे होते तेच. टाकीजवळच्या क्वार्टरमध्ये बादली ओसंडते आणि शेवटच्या लाइनीत नळ नुसता हवा मारतो. हेडवाला रात्री दार उचलतो, पाईप टाकतो, मोटर लावतो. टेलवाला चारी उकरून वाट बघत बसतो. पाटकरी आणि मोजणीदार यांच्या जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत; एका माणसाकडे तीन-तीन माणसांचा भाग. हे ऐकून तुम्हाला आपला गँगमन आठवला ना? तसेच आहे. माणूस कमी केला की आधी शेवटच्या टोकाचे नुकसान होते, मग ते रुळाचे असो की पाटाचे.

२००५ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. दुसऱ्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी द्यायचे ठरवले. कायदा चांगला आहे. शेतकऱ्यांनी एकत्र यावे, पाणी मोजून घ्यावे, आपसांत वाटावे, पट्टी भरावी. संघटनेच्या माणसाला ही कल्पना पटणारच. काही ठिकाणी अशा संस्था चांगल्या चालल्या, बऱ्याच ठिकाणी बोर्ड लागला आणि मीटर बसलाच नाही. मोजमाप नसेल तर वाटप हे ज्याचा आवाज मोठा त्याच्या मर्जीने होते.

शहरांचा वाटाही आहेच. सोलापूर शहराला वर्षानुवर्षे उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून पाजले गेले. शहराला लागते थोडे आणि नदीतून सोडावे लागते त्याच्या कित्येक पट. वाटेत वाळू पिते, ऊन पिते, काठावरच्या मोटारी पितात. समांतर जलवाहिनीचे काम किती वर्षे रखडले ते सोलापूरच्या साथींना सांगायला नको. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार बायका रात्री दोनला उठून घागरी भरत आल्या आहेत. पंढरीच्या वारीला चंद्रभागेत पाणी सोडतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आणि वरच्या अंगाला पुणे, पिंपरी-चिंचवड. पिण्याचे पाणी ते वरच्या धरणांतून घेतात आणि त्यांचे सांडपाणी मुळा-मुठेतून उजनीत उतरते. जलाशयाच्या वरच्या भागात जलपर्णी माजते, पाणी हिरवे होते. २०२१ साली उजनीतले पाच टीएमसी पाणी 'सांडपाणी' या नावाखाली इंदापूर तालुक्याला द्यायचा आदेश निघाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटला आणि महिन्याभरात तो आदेश रद्द करावा लागला. इंदापूर आणि माढा, दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांचे सोयरे, आणि आंदोलनात समोरासमोर. २०२३ च्या उन्हाळ्यात कर्नाटक सरकारनेही पत्र लिहून उजनीतून भीमेत पाणी मागितले. कलबुर्गीच्या साथींना ते पाणी हवेच होते.

आणि एक पाणी असे आहे ज्याचा कुणी उल्लेख करत नाही. भीमेच्या खोऱ्यातले सुमारे ४२ टीएमसी पाणी मुळशी आणि मावळातल्या धरणांतून सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात सोडले जाते, विजेसाठी. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने चालावेत म्हणून शंभर वर्षांपूर्वी ही व्यवस्था झाली. त्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. जमिनी गेल्याच. आज वीज इतर मार्गांनी होऊ शकते, दुष्काळी भागाला पाणी इतर मार्गाने मिळत नाही, म्हणून ते पूर्वेकडे वळवावे अशी मागणी आहे. सोपे नाही. वीज कामगारांचेही म्हणणे ऐकावे लागेल. पण मागणी अडाणीपणाची नाही, एवढेच मी सांगतो.

आतापर्यंत मी पाणी ज्यांना मिळते किंवा मिळत नाही त्यांच्याबद्दल बोललो. आता ज्यांच्या घरावर पाणी चढले त्यांच्याबद्दल. खरे तर मला याच विषयावर जास्त बोलायचे आहे.

उजनीच्या बुडिताचा रेल्वेशी थेट संबंध आहे. पुण्याहून डिकसळपर्यंत रेल्वे १८५८ साली आली, १८५९ ला बार्शी रोडला, म्हणजे आपल्या या कुर्डुवाडीला, आणि १८६० ला सोलापूरला. मुंबई-मद्रास मार्गावरच्या जुन्या तुकड्यांपैकी हा एक. धरण झाले तेव्हा डिकसळकडचा मार्ग बुडितात येत होता, म्हणून रूळ उचलून दुसरीकडून नेले. इंग्रजांच्या काळातला भीमेवरचा जुना रेल्वे पूल मात्र राहिला. रूळ काढून त्यावरून मोटारी आणि उसाचे ट्रॅक्टर जाऊ लागले. करमाळा तालुक्यातल्या पश्चिमेच्या गावांना भिगवण-बारामतीकडे जायला तोच रस्ता. दीडशे वर्षांच्या वरचे दगडकाम ते, किती सोसणार? जीर्ण झाला.

आता लक्षात घ्या. गाडीला जायला वाट पाहिजे म्हणून सरकारने रूळ हलवले, नवा भराव टाकला, नवे पूल बांधले. ते धरण भरण्याआधी झाले, कारण गाडी थांबवता येत नाही. आणि माणसांच्या वाटेचे काय? नदी होती तेव्हा उन्हाळ्यात पायी पार करून माणसे पलीकडे बाजाराला, लग्नाला जात होती. यशवंतसागर झाल्यावर तेच अंतर चार-पाच किलोमीटर पाण्याचे झाले, किंवा रस्त्याने लांबचा वळसा. मग लोक होडीने जाऊ लागले. चाळीस वर्षे जात होते. माणसे, मोटारसायकली, दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेल्या बाया. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुले होती. कुगाव-शिरसोडी पुलाला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या त्यानंतर आल्या. धरण १९८० ला पुरे झाले, हे साल त्या बातमीच्या शेजारी लिहून ठेवा.

टपाल खात्यातल्या साथींना या बुडिताची दुसरी बाजू माहीत आहे. करमाळा तालुक्यात वांगी नंबर एक, वांगी नंबर दोन, वांगी नंबर तीन अशी गावे आहेत. इंदापूर तालुक्यात कालठण नंबर एक, नंबर दोन. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. हे नंबर म्हणजे फुटलेल्या गावाचे तुकडे. भावकी इकडे गेली, आळी तिकडे गेली. पत्रावर नंबर लिहायचा राहिला की ते तिन्ही ठिकाणी फिरून येणार. मनीऑर्डर चालत होत्या त्या काळात मुंबईहून गिरणी कामगाराने घरी पाठवलेले पैसे दुसऱ्याच वांगीत जाऊन परत फिरलेले आहेत, असे एका निवृत्त पोस्टमनने मला सांगितले. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाण्यात गेले. पाणी फार उतरले की ते उघडे पडते, मग पुण्याचे लोक फोटो काढायला येतात. रोहित पक्षीही बघतात. बघावेत. पण त्या वेळी काठावर एखादी म्हातारी बोट दाखवून नातवाला सांगत असते, तिथे आपला वाडा होता. तो फोटो कोणी काढत नाही.

धरणग्रस्तांपैकी काहींना खाली लाभक्षेत्रात जमीन मिळाली. काही जलाशयाच्या काठीच राहिले आणि कर्ज काढून, पाईपलाइन टाकून त्यांनी केळी आणि ऊस केला. त्यांची प्रगती झाली हे मी नाकारत नाही. इथली केळी परदेशात जाते. पण पाणी मायनसमध्ये गेले की त्यांना पाईप आणि केबल अर्धा-अर्धा किलोमीटर पुढे न्यावे लागतात, आणि पाणी राखण्यासाठी विजेचे तास कमी होतात. ज्यांची जमीन या पाण्याखाली आहे त्यांनाच पाणी उचलू नका असे सांगितले जाते. उजनीच्या जमिनी घेतल्या तेव्हा पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा. त्यांच्या मुलांना धरणग्रस्ताचा दाखला मिळतो, त्यावर राज्याच्या नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण नोकरभरतीच नसेल तर दाखला लॅमिनेट करून ठेवायचा. आपल्या ट्रॅकवर काम करणाऱ्या एका की-मॅनकडे तसा दाखला आहे. रेल्वेच्या भरतीला त्याचा उपयोग नव्हता. तो परीक्षा देऊन लागला. त्याच्या आजोबांचे शेत ज्या पाण्याखाली आहे त्या पाण्याच्या काठाने तो रोज सहा किलोमीटर चाव्या ठोकत जातो. मी त्याला विचारले, वाईट वाटते का? तो म्हणाला, "साहेब, वाईट शेत गेल्याचं नाही. खालच्या गावाला तरी ज्वारी पिकली असती तर बरं वाटलं असतं. तिथंबी प्यायला टँकर हाय."

हा मुद्दा मला कुठल्याही अहवालात इतका स्पष्ट सापडला नाही. धरणे नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या आई-बापांनी खडी फोडून काढला. पाणी अडवले नाही तर सोलापूर जिल्ह्यात माणूस राहू शकत नाही. पण एकाचे गाव बुडवताना सरकारने जे कारण सांगितले होते ते होते दुष्काळी गावांची ज्वारी आणि प्यायचे पाणी. त्या कारणापुरते तरी पाणी पोचले पाहिजे. ते पोचले नाही तर बुडालेल्याचा त्याग फुकट जातो आणि टेलवाल्याला हक्कही मिळत नाही.

आता युनियनने काय करायचे, एवढे सांगून थांबतो. ठराव करून पेपरला पाठवायचा आणि झाले, असे मला नको आहे. तीन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. कुर्डुवाडी, दौंड, सोलापूर येथील रेल्वे कॉलन्यांना पाणी कुठून येते, किती येते आणि गळतीत किती जाते, याची माहिती प्रत्येक शाखेने लेखी मागायची. दुसऱ्याला पाणी मोजायला सांगण्याआधी आपले मोजलेले असावे. दुसरे, डाळिंब, केळी, बोर, भाजी यांच्या गाड्यांसाठी भाड्यातली सवलत परत द्यावी ही मागणी आपल्या मागणीपत्रात घालायची आणि ती शेतकरी संघटनांच्या सहीने द्यायची, एकट्याच्या नव्हे. तिसरे, ऑक्टोबरमध्ये कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. तिच्या आधी टेलच्या गावांतले आणि बुडितातल्या गावांतले आपले जे सभासद आहेत त्यांची यादी करायची. कोणाच्या चारीला गेल्या वर्षी किती पाळ्या मिळाल्या, कोणत्या तारखेला, किती दिवस, हे त्यांनी कागदावर लिहून आणायचे. ग्रामीण डाक सेवक साथींची यात फार मदत होईल, कारण वाडी-वस्तीवर रोज जाणारा सरकारचा माणूस आता तोच एक उरला आहे.

करमाळा आणि मोहोळ भागातले जे साथी आले आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपली नावे आणि गावे माझ्याकडे द्यावीत. वांगीवाल्यांनी नंबर लिहायला विसरू नये.